सर्दी न्हाई

१

अंबडच्या कोर्टासमोर कडुलिंबाच्या सावलीत टायपिंगवाल्यांची रांग बसते. त्या रांगेत मीना एकटीच बाई. कुणाचं नाव चुकलेलं, कुणाची जन्मतारीख हुकलेली, कुणी बाप वारल्याचं लिहून द्यायला आलेलं. अशा लोकांची प्रतिज्ञापत्रं ती दिवसभर टाइप करायची. 'वरील मजकूर खरा व बरोबर आहे' ही शेवटची ओळ तर तिची बोटं तिला न विचारताच उमटवायची.

पित्ताशयात खडे निघाले आणि जालन्याच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, तेव्हा पहिल्या खेपेला तिच्या हातून एक घोळ झाला. उपाशीपोटी यायचं असं बजावलेलं असताना सवयीनं सकाळी तिनं चहाचे दोन घोट घेतले. दवाखान्यात विचारल्यावर सांगूनही टाकलं. ऑपरेशन रद्द झालं. शहागडहून जीप घेऊन आलेले थोरले दीर काकासाहेब, सुट्टी टाकलेला नवरा सोमेश्वर, डबा बांधून घेतलेली सासू, सगळं लटांबर तसंच माघारी आलं. तेव्हापासून घरी कुणीही आलं की कौसल्याबाई पदर तोंडाला लावून सांगायच्या, "आमच्या सूनबाईचं आपरेशन चहात बुडालं!" मग सगळे हसायचे. मीनाही हसायची. त्या हसण्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, म्हणून तर ते जास्त लागायचं.

नवी तारीख मिळाली ती ऐन थंडीत. आदल्या दिवशी संध्याकाळी तिचा घसा खवखवायला लागला आणि सकाळपर्यंत नाक गच्च झालं. तिनं मेडिकलवरून आणलेली गोळी गुपचूप घेतली, डोळ्यांवर पाणी मारलं आणि जीपमध्ये खिडकीशी बसली. वाटेत एक शिंक आलीच.

"सर्दी झाली का काय?" सोमेश्वरनं विचारलं.

"धूळ हाय. काच लावा ना वर."

पुढच्या सीटवरून काकासाहेब आरशात बघून म्हणाले, "चहा तर न्हाई ना घेतला?" जीपभर हशा पिकला. मीनानं नाकाशी आलेलं पाणी पदराच्या टोकानं हळूच टिपलं. नाकाच्या पाण्यापायी आख्खी जीप दुसऱ्यांदा माघारी फिरवायची तिची छाती नव्हती.

२

भूल देणारी डॉक्टर मोनाली तिच्या अपेक्षेपेक्षा फारच लहान निघाली. किडकिडीत अंगाची, मोठ्या काचांचा चष्मा, आणि बोलणं ऐकून कळत होतं की मुलगी जाफराबादकडची. खाटेच्या कडेला बसून तिनं एकेक गोष्ट विचारली. दमा? बीपी? आधी कधी भूल घेतली होती? मग म्हणाली, "आणि ताई, आठ-पंधरा दिवसांत सर्दी, खोकला, ताप?"

"न्हाई."

"घसा बिसा?"

"न्हाई."

डॉक्टरनं छाती तपासली. मग जरा थांबून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "नाक लाल दिसून राह्यलंय तुमचं."

"रडले जरा," मीना म्हणाली. "भीती वाटती."

हे वाक्य कुठून सुचलं ते तिचं तिलाही कळलं नाही. डॉक्टरनं मात्र ते खरं मानलं. तिनं मीनाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "भिऊ नका. बाकीचे पोटाशी उभे राहतील, मी पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी बसणार. तुमचा एकेक श्वास माझ्याकडं राहील."

मीनाला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं होतं. पण दारात काकासाहेब उभे होते.

आत ऑपरेशनच्या खोलीत गारठा होता. छताचा मोठा दिवा पेटला, कुठेतरी यंत्राची टिक टिक चालू झाली. डॉक्टरचा चेहरा उलटा होऊन तिच्यावर झुकला. "काही सांगायचं राहिलंय का, ताई?" मीनानं नाही म्हणून मान हलवली. नाकातोंडावर रबरी वासाचा मास्क आला. "मोठा श्वास घ्या."

तेवढ्यात तिच्या उजव्या कानाशी कुणीतरी नाक ओढलं. ओलं, लांबलचक, सर्दीनं बेजार झालेलं माणूस ओढतं तसं. तिला वाटलं, आपणच. पण तिचं नाक मास्कखाली होतं, आणि इतकं चोंदलेलं की त्यातून वारासुद्धा जात नव्हता. तिनं मान वळवायचा प्रयत्न केला. मान वळली नाही.

३

जाग आली तेव्हा तोंडात नळी होती आणि हात बांधलेले होते. नंतर कळलं की भूल देतानाच तिची श्वासनळी एकदम आवळली होती. अंग निळं पडलं होतं. मोनाली डॉक्टरनं झुंजून श्वास परत आणला, मोठ्या डॉक्टरांनी पुढचं काम उरकलं, आणि मग तिला अतिदक्षता विभागात यंत्रावर ठेवलं. नळी निघाल्यावर मीनानं पहिला श्वास घेतला आणि दचकली. नाक मोकळं होतं, अगदी लख्ख. फिनेलचा वास, सलाईनच्या नळीचा वास, शेजारच्या खाटेवरल्या म्हातारीच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा वास, सगळे वास वेगवेगळे येत होते. घसा नळीनं सोलवटला होता, पण सर्दी नावालाही उरली नव्हती.

शेजारची ती म्हातारी, तुळजाबाई, कुशीवर वळून तिच्याकडे बघत होती. "बरं झालं बाई नळी निघाली. पर तुमच्या नाकाच्या आवाजानं मला डोळा लागू दिला न्हाई. सारखं आपलं सूं, सूं."

"माझ्या?" मीनाच्या घशातून जेमतेम आवाज निघाला. "माझ्या तोंडात तर नळी होती."

"तेच मी सिस्टरला म्हणले. नळीवालं माणूस नाक कसं ओढतं?" म्हातारीनं पुन्हा पाठ फिरवली. "पर बाई तुमच्याच खाटेवर होती."

भुलीचा अंमल म्हाताऱ्या माणसांवर फार दिवस राहतो, असं मीनानं मनाला समजावलं. तुळजाबाईला भूल दिलेलीच नव्हती, हे तिला नंतर कळलं.

तिसऱ्या प्रहरी मोनाली डॉक्टर आली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. सोमेश्वर आणि काकासाहेब खाटेशीच उभे होते. डॉक्टरनं मीनाच्या कपाळावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, राग मानू नका. खरंच सर्दी नव्हती ना? असं सहसा सर्दीच्या माणसाला होतं."

मीनानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे सुजले होते. तो बाहेर बाकड्यावर रडत बसला होता, हे सिस्टरनं तिला सांगितलं होतं.

"न्हाई," मीना म्हणाली.

"ऐकलं का?" सोमेश्वर एकदम ओरडला. "स्वतःची चूक पेशंटवर ढकलून राह्यली! मरता मरता वाचली माझी बायको!"

मग आवाज चढत गेले. सोमेश्वरनं आयुष्यात कधी कुणावर हात उचलला नव्हता, पण त्यानं डॉक्टरला ढकललं. तिचा चष्मा फरशीवर पडला. काकासाहेब दाराशी जमलेल्या माणसांकडं बघून म्हणाले, "कुठून कुठून डॉक्टर होऊन यायलेत आजकाल. आपल्याला म्हाईतच हाय कशे होतेत ते." ते काय म्हणाले हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. डॉक्टरलाही कळलं. तिनं खाली बसून चष्मा उचलला, एक काच तडकली होती. तो तसाच डोळ्यांवर चढवून तिनं मीनाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती.

मीनानं डोळे मिटून घेतले. झोप लागल्यासारखा श्वास सोडला.

आणि मिटल्या डोळ्यांआड, उशीच्या अगदी जवळ, कुणीतरी नाक ओढलं.

४

अंबडला घरी आल्यावर कौसल्याबाईंनी तिला काडी उचलू दिली नाही. पोटावरची ऑपरेशनची भोकं सुकत आली होती. दुपारी सोमेश्वर बियाण्याच्या दुकानावर जायचा, लेक नंदू शाळेत. घरात सासू-सुना दोघीच. हिवाळी उन्हाचा एक तुकडा मधल्या खोलीच्या फरशीवरून हळूहळू सरकत जायचा आणि बाहेर कुणाच्या तरी घरी कांडप चालू असायचं.

एका दुपारी मीना पडल्या पडल्या म्हणाली, "आत्याबाई, घोटभर गरम पाणी देता का?"

कौसल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "आता काढा घेतला ना गं? वरून पाणी पिऊ नको लगेच."

"काढा? मी कुठं घेतला?"

"आता गं बया! हातात दिला की तुझ्या. मोरीपाशी उभी होतीस. नाक गळून राह्यलं होतं नुसतं. म्हणलं पी जल्दी, तर गटागटा पिऊन टाकलास."

मीना उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर पेला होता. तळाला तुळशीचं एक पान आणि सुंठीचा गाळ. पेल्याला हात लावला तर तो अजून कोमट होता.

आत्याबाईंना अलीकडे कमी दिसतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. कालच्या गोष्टी आज झाल्यासारख्या वाटतात, वय झालं. काढा त्यांनीच प्यायला असेल. ही सगळी कारणं बरोबर जुळत होती. ती परत येऊन पडली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मोरीच्या बंद दाराआडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग नळ सुटला, थोडं पाणी वाहिलं, नळ बंद झाला.

कौसल्याबाई तर समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच मोरीकडं हाक दिली, "पदर बांध गं कानाला, वारं लागंल."

मीना खाटेवर होती. तिनं ओरडून म्हणायला पाहिजे होतं, आत्याबाई, मी इथं हाय, मग तिथं कोण? पण म्हटलं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. कोणाला सर्दी होती, कधीपासून होती. तिनं तोंडावर गोधडी ओढली. मोरीच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज झाला. पावलं मधल्या खोलीतून गेली. गोधडीवरचा उजेड क्षणभर मंद झाला आणि परत आला. अंगणाचं दार वाजलं.

गोधडीतून तोंड बाहेर काढायला तिला फार वेळ लागला. उन्हाचा तुकडा तेवढ्यात भिंतीवर चढला होता.

५

त्यानंतर घरातली माणसं मीनाशी जास्त मायेनं वागायला लागली. हीच गोष्ट तिला सगळ्यात भीतीदायक वाटली.

नंदू शाळेतून आली की पहिल्यापेक्षा जास्त बिलगायची. एकदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, तुझा आवाज परत असा कोरडा झाला. मला तो नाकातला आवडतो."

"नाकातला कोणता?"

"तू गोष्ट सांगतीस तेव्हाचा. संध्याकाळी, वर माळवदावर." मग आठवून म्हणाली, "आई, त्या डॉक्टर मॅडमला सॉरी म्हणायला आपण कधी जायचं?"

मीनाच्या हातातला कंगवा थांबला. "कोण म्हणलं तुला असं?"

"तूच की." नंदूनं तिच्याकडे वळून पाहिलं. त्या बघण्यात शंका होती, आईविषयीची पहिली शंका. मीनानं घाईनं तिचं तोंड पुढं फिरवलं आणि वेणी घालायला घेतली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सोमेश्वर दात घासून आला. काकासाहेबांचा फोन येऊन गेला होता. सोमवारी पोलिसात तक्रार द्यायची, डॉक्टरणीची नोंदणीच रद्द करायला लावायची, असं ठरलं होतं. तक्रार मीनानंच टाइप करावी, तिच्याइतकं शुद्ध कोण लिहिणार. डॉक्टरणीला त्या दवाखान्यानं बोलवायचं बंद केलंच होतं, बाकीचे दवाखानेही तिला बोलवेनासे झाले होते, हेही फोनवरच कळलं.

"मीना," सोमेश्वर खाटेच्या कडेला बसत म्हणाला, "सकाळी अंधारात तू जे म्हणून राह्यली होतीस ना..."

"काय म्हणले?"

"रडत होतीस. पाठमोरी. म्हणलीस, डॉक्टरणीचा दोष न्हाई. पुढचं मी ऐकलं न्हाई, तुला खोकला आला." तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "काय सांगणार होतीस? सांग आता. मी काही म्हणणार न्हाई तुला."

यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. खोलीत दोघंच होती. त्याचा हात तिच्या हातावर होता. मीनानं तोंड उघडलं, आणि तिला माळवदाच्या जिन्यावर हलकंसं सूं ऐकू आलं. कुणीतरी वरच्या पायरीवर बसून, श्वास धरून, ती काय बोलते ते ऐकत होतं.

"कायबी बरळले असन झोपेत," मीना म्हणाली. "गोळ्यांची गुंगी राहती."

सोमेश्वरच्या तोंडावरचा ताण गेला. त्याला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं बघून मीनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठून गेला. जिन्यावर कुणीतरी हळूच उठलं आणि वर गेलं. त्या पावलांत निराशा होती, असं तिला वाटलं. मग वाटलं, निराशा नव्हे. त्या पावलांनी काहीतरी ठरवलं होतं.

त्या दुपारी अंगात जरा कणकण होती, म्हणून मीना गोधडी घेऊन पडली आणि गाढ झोपून गेली. उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. कौसल्याबाई म्हणाल्या, "आलीस का? बसला गर्दी होती का गं?" मीनानं दाराकडं पाहिलं. तिच्या चपला दाराशी होत्या, आणि त्या धुळीनं माखलेल्या होत्या.

६

सोमवारी सकाळी ती कोर्टासमोर टायपिंगला जाते म्हणून निघाली आणि स्टँडवर जाऊन जालन्याच्या बसमध्ये बसली. खरं सांगायची एवढी घाई तिला का झाली होती, हे तिनं वाटेत स्वतःपासून लपवलं नाही. चांगुलपणा नव्हता तो. आपण सांगितलं नाही तर ती नाक ओढणारी सांगेल, आणि मग सांगितल्याचं पुण्य तिचं होईल, न सांगितल्याची लाज आपली. तिला फक्त पहिलं पोचायचं होतं.

दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्यानं पत्ता दिला. नव्या जालन्यात एका इमारतीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या. दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून मोनाली डॉक्टरचा अर्धा चेहरा दिसला. चष्मा तोच होता, तडकलेल्या काचेचा.

"परत आलात?" ती म्हणाली.

मीनाला वाटलं, दवाखान्यातल्या भेटीबद्दल म्हणत असेल. "मॅडम, मला थोडं बोलायचं हाय."

डॉक्टरनं साखळी काढायला वेळ लावला. आत एक खुर्ची, एक खाट, भिंतीशी पुस्तकांचा ढीग, बांधायला घेतलेली बॅग. मीना खुर्चीत बसायला गेली तर डॉक्टर म्हणाली, "थांबा, ओली असेल ती. काल तुम्ही रुमाल ठेवला होता तिथं." तिनं टॉवेलनं खुर्ची पुसली.

"काल?"

"काल दुपारी." डॉक्टर तिच्याकडे निरखून बघू लागली. "सर्दी बरी दिसून राह्यली आज. काल तर तुम्हाला धड बोलवत नव्हतं. तरी सगळं सांगितलंत. जीपमधलं, गोळीचं, तुम्ही डोळे मिटून घेतले ते पण." तिनं टॉवेलची घडी घातली. "कुणी पेशंट असं घरी येऊन सांगत न्हाई, ताई. मी रात्रभर त्याचाच विचार केला. गाव सोडायला बॅग भरायला घेतली होती, ती परत रिकामी करणार होते." मग एकदम तिचा चेहरा बदलला. भीती आली त्यावर, मार खाल्लेल्या माणसाची भीती. "मागं घ्यायला आलात का? घरच्यांनी पाठवलं?"

मीना उभी होती. बसमध्ये घोकून आणलेलं प्रत्येक वाक्य तिच्या जिभेवर होतं, आणि त्यातलं एकही आता तिचं राहिलं नव्हतं. जे सांगायचं ते सांगून झालं होतं. तिच्याजवळ आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त काढून घेण्यासारखं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "मागं न्हाई घ्यायला आले."

"मग?"

मीना दाराकडं सरकली. डॉक्टरनं हळू विचारलं, "घरी पण सांगणार म्हणाला होतात. आज संध्याकाळी, सगळ्यांसमोर. सांगणार ना?"

मीना दाराबाहेर पडली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, आपण चालत नाही, पळतोय. पोटातली जखम ओढली जात होती.

७

बस मध्येच बंद पडली. दुसरी मिळून अंबडला पोचायला सांज झाली. गल्लीत धूर साचला होता, कुणीतरी पाणी तापवायला बंब पेटवला होता. घराची बाहेरची खिडकी अर्धी उघडी होती आणि आत दिवा होता. मीना दाराकडं जाता जाता खिडकीशी थांबली.

काकासाहेब शहागडहून आले होते. ते भिंतीशी बसून जमिनीकडं बघत होते. सोमेश्वर खाली फरशीवर, दोन्ही हात मानेमागं गुंफून. कौसल्याबाईंच्या मांडीवर निवडायची भाजी तशीच पडलेली. नंदूचं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं. त्या माणसाचं बाकीचं अंग चौकटीच्या आड होतं. दिसत होती फक्त मांडीवरची चॉकलेटी साडी, सकाळीच मीनानं दोरीवर वाळत घातलेली, आणि नंदूच्या केसांतून फिरणारा एक हात.

"...त्या पोरीचा दोष न्हाई," चोंदलेला आवाज सांगत होता. "तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा खोटं बोलले. तुम्ही तिला ढकललं, तवा पण मी गप्प बसले."

सोमेश्वरनं मानेमागचे हात सोडले आणि विचारलं, "काहून न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली. परत माघारी फिरायची."

काकासाहेबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी त्या पोरीला नको ते बोललो," ते स्वतःशीच म्हणाले. "तिच्या पाया पडलं पाहिजे."

आणि कौसल्याबाईंनी भाजी बाजूला सारली, गुडघ्यांवर सरकत पुढं गेल्या. "आमीच हसलो तुला, माय," त्या म्हणाल्या. "आमच्या हसण्यापायी जीव जात होता तुझा." त्यांनी चौकटीआडच्या त्या बाईला पोटाशी धरलं. सोमेश्वर रडत होता, पण ते रडणं दवाखान्यातल्यासारखं नव्हतं. सैल झालेल्या माणसाचं होतं.

बाहेर गारठ्यात उभी राहून मीनानं आपली माफी दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडताना पाहिली. आत जाऊन ओरडावं, ती मी न्हाई, मी इथं हाय, असं तिच्या मनात आलं. पण आतली बाई एक शब्दही खोटा बोलली नव्हती. मीनाला तिच्या अंगावर ओरडायला तोंड कुठं होतं?

तिनं कडी वाजवली.

सोमेश्वरनं दार उघडलं. त्याच्या मागून दिव्याचा उजेड येत होता. डोळे पुसत तो तिच्याकडे बघत राहिला, अनोळखी बाईकडे पुरुष बघतो तसा, जरा बाजूला नजर ठेवून.

"कोण पाहिजे, ताई?"

अंधार हाय, म्हणून ओळखलं नसन. मीनानं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि उजेडात एक पाऊल पुढं आली. "अहो, मी... मीना."

"मीना घरातच हाय," तो समजुतीनं म्हणाला. "थांबा, बोलावतो. टायपिंगचं काम असन तर उद्या कोर्टासमोर या बघा, आज जरा घरात..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं आणि आत वळून हाक मारली, "मीना, कुणी बाई आल्यात."

आत साडीची सळसळ झाली. नंदू म्हणाली, "आई, नको ना उठू." मग पावलं निघाली. सावकाश, ऑपरेशन झालेलं माणूस पोट सांभाळत चालतं तशी.

मीनाला पळता आलं असतं. ती उभी राहिली. वर बघायचं, एकदा त्या तोंडाकडं बघायचं, मग जे होईल ते होवो, असं तिनं ठरवलं. पावलं उंबऱ्याशी येऊन थांबली. चॉकलेटी काठाखाली दोन पाय. डाव्या अंगठ्याशेजारचं जोडवं जरासं तिरपं, मीनाचं होतं तसंच, तिचं बोट लहानपणी दाराच्या फटीत चेमटलं होतं म्हणून. मीनाची नजर तिथपर्यंत पोचली आणि तिथंच थिजली. मान काही केल्या वर उचलेना.

समोरून एक नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो चोंदलेला, दमलेला आवाज बोलला. त्यात राग नव्हता, विजय नव्हता, साधं आश्चर्यही नव्हतं.

"या की आत," तो म्हणाला. "अशा बाहेर काहून उभ्या?"

मीना खालीच बघत राहिली.